फियाटचं हेड व्हीएमसीवर घेण्याआधी

व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) चालवता येते, जी-कोड (त्या मशीनला हुकूम द्यायची भाषा) वाचता येतो, म्हणून जुन्या गाडीचं सिलिंडर हेड (इंजिनच्या ब्लॉकवर बसणारं झाकण) सपाट करणं जमेलच असं धरून चालू नका. कंपनीत जॉब नवा असतो, ड्रॉइंग हातात असतं, फिक्स्चर (जॉब पकडायची बैठक) तयार असतं. पद्मिनीचं हेड टेबलावर येतं तेव्हा यातलं काहीच नसतं, आणि आधी किती जणांनी त्याला फेस मारलाय, म्हणजे खालची बाजू कापून सपाट केलीय, हे गाडीच्या मालकालाही ठाऊक नसतं.

मी फियाट ११०० आणि पद्मिनीबद्दलच लिहितोय, कारण माझा हात त्यांच्यावरच बसला. इंजिन १०८९ सीसी, बोर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. हेड मात्र स्टडांनी ब्लॉकला जखडलेलं असतं. एकदा पाणी संपून गाडी उकळली की पसरायला जागा न मिळालेल्या हेडला बाक येतो. तो डोळ्यांना दिसत नाही, स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि फिलर गेजलाच (फट मोजायच्या पातळ पात्या) दिसतो.

खरी अडचण इथेच आहे. माझं शिकणं सगळ्यात जास्त काळ इथेच अडून राहिलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बाक आलेलं हेड उलटं करून वरचा फेस टेबलाकडे ठेवलात की तो फेसही वाकडाच असतो. मग क्लॅम्प मारता, नट आवळता, हेड टेबलाला चिकटतं. म्हणजे तुम्ही ते दाबून सरळ केलंत. आता कटर फिरवा, डायल (उंचसखलपणा सुईने दाखवणारं मापक) लावा, सुई हलणार नाही. सगळं झकास दिसेल. क्लॅम्प सोडले की हेड परत आपल्या मूळ बाकावर जातं आणि तुम्ही नुकताच सरळ कापलेला फेस वाकडा होतो. मशीनवर शून्य दाखवणारं हेड बेंचवर ०.१० मिमीचं फिलर आत घेतं. गॅस्केट काही दिवस सांभाळून घेतं, मग घाटात गाडी पाणी फेकते.

यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. हेड तीन आधारांवर ठेवा, चारवर नको. तीनवर ते डुगडुगत नाही आणि आपल्या खऱ्या आकारात बसतं. क्लॅम्प बरोबर आधाराच्या डोक्यावर यायला हवा, दोन आधारांच्या मध्ये नाही. क्लॅम्पशेजारी डायल लावा आणि सुईवर नजर ठेवून नट आवळा. सुई दहा मायक्रॉनपेक्षा जास्त सरकली तर थांबा, नट सोडा, खाली शिम (पातळ पत्रा) घाला, पुन्हा आवळा. शेवटचा ०.०५ मिमीचा कट राहिला की सगळे क्लॅम्प ढिले करा, हेडला मोकळं होऊ द्या, हलक्या हाताने पुन्हा आवळा आणि मगच तो कट घ्या. खाली उतरवल्यावर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या दिशांनी स्ट्रेट एज लावा. मशीनवरची तपासणी या कामात धरू नका.

सेटिंगला अर्धा दिवस गेला आणि कापायला दहा मिनिटं लागली तरी घाबरू नका. हे काम असंच चालतं.

किती कापायचं हे मालकाच्या हौसेवर सोडू नका. एका सिलिंडरचं आकारमान २७२.४ सीसी भरतं. पिस्टन वर असताना गॅस्केटसकट ४० सीसी जागा उरत असेल तर कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) साधारण ७.८ येतो. ती जागा ३६.४ वर आणली की ८.५ च्या आसपास जातो. म्हणजे दर चेंबरमागे (हेडमधली ज्वलनाची खोलगट जागा) साडेतीन सीसीचा खेळ. चारही चेंबर ब्युरेटने (खुणा असलेली मापाची नळी) भरून मोजा. पहिला आणि चौथा यांत फरक निघाला तर आधी कुणीतरी फेस तिरका मारलाय असं समजा. अशा वेळी त्या फेसचा आधार न घेता व्हॉल्व्ह गाइडच्या अक्षावरून सेटिंग लावा. कापल्यावर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला रेटा देणाऱ्या दांड्या) तेवढेच लांब पडतात, हे नवी पोरं हमखास विसरतात. रॉकर स्टँडखाली शिम लागतात. पिस्टनवर प्लॅस्टिसिन ठेवून, इंजिन हाताने फिरवून, व्हॉल्व्ह किती जवळ येतो ते बघितल्याशिवाय स्टार्टर मारू नका.

टॅक्सीतून निघालेलं हेड स्वस्त मिळतं, पण ते सीएनजीवर चाललेलं असेल तर व्हॉल्व्हच्या सीटा (व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा) आधी तपासा. पाण्याच्या भोकांभोवती ॲल्युमिनियम खाल्लेलं असेल तर आर्गन वेल्डिंग आधी, फेस नंतर. वेल्डिंगच्या उष्णतेने हेड पुन्हा वाकतं. आणि तेल मुरलेल्या कास्टिंगवर स्वच्छ न करता वेल्डिंग करणाऱ्याकडे जाऊच नका.

पोर्टिंगचे व्हिडिओ बघून पोर्ट (हेडमधले हवा आणि धुराचे मार्ग) मोठे करण्याचा नाद मला पटत नाही. आतली भिंत किती जाड उरलीय हे अल्ट्रासॉनिक गेजने मोजल्याशिवाय कटर आत घालणं म्हणजे वॉटर जॅकेट (पाणी फिरायची पोकळी) फोडायची तयारी. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हेड घासणारेही भेटतील. त्याने चमक येते, सपाटपणा येत नाही. गुरू निवडताना एवढंच बघा, की मोजमाप चुकलं तर तो नट सोडतो की “चालतंय की” म्हणतो. माझ्या मते व्हॉल्व्ह सीट कापणाऱ्या जुन्या मिस्त्रीशेजारी काढलेले काही महिने कॅमच्या (संगणकावर मशीनचा प्रोग्राम बनवण्याच्या) कोर्सपेक्षा जास्त शिकवतात. मिस्त्री तोंडाने फार सांगणार नाहीत, त्यांचे हात बघा.

हेड परत देताना त्याची उरलेली उंची बाजूच्या कास्टिंगवर पंचाने ठोका आणि मालकाच्या कागदावरही लिहा. पुढच्या वेळी ते ज्याच्या टेबलावर येईल त्याला अजून कापायला जागा आहे की नाही, हे त्या आकड्यावरूनच ठरवता येईल.