मीटरवर ७ आला तरी हुरळू नका

किचन डीप क्लीनिंगमध्ये उतरायचंय म्हणून पोरं फोन करतात, आणि पहिला प्रश्न असतो, 'दादा, मशीन कोणतं घेऊ?' मशीनचं नंतर बघू. आधी माझी फजिती ऐका.

वाळूज एमआयडीसीतलं एका कारखान्याचं कँटीन. रात्री ११ ला आत शिरलो, पहाटे ५ ला नाश्त्याच्या भट्ट्या पेटणार. मी लातूरचा, मेसची स्वयंपाकघरं घासून हात बसलेला. हूड, फिल्टर, बेन-मारी (गरम पाण्यावर जेवण गरम ठेवायचं भांडं), भाजी चिरायचं टेबल, सगळं चकाचक केलं. शेवटी हायपो (जंतू मारायचं क्लोरीनचं द्रावण) फवारला आणि पाच मिनिटांत मॅनेजरसमोर टेबलावर एटीपीचा स्वॅब, म्हणजे स्वच्छता तपासायचा बोळा, फिरवला. मीटरवर ७; आकडा जितका कमी तितकं स्वच्छ, असं धरतात. मॅनेजर खूश, मी त्याहून खूश. त्याच सकाळी प्रयोगशाळेच्या माणसानंही तिथलाच स्वॅब नेला होता. चार दिवसांनी अहवाल आला: कोलिफॉर्म, म्हणजे अस्वच्छतेची खूण असलेले जंतू. निम्मं बिल कापलं ते कापलंच.

ज्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं काढली ते मामा म्हणाले, "आकडा बघून नाचायलास व्हय? पाणी मारलतास का आधी?"

नव्हतं मारलं. इथेच फसलो. एटीपी मीटर जंतू मोजत नाही. अन्नाचा अंश असो की जंतू, दोन्हींत एटीपी हा पेशींमधला पदार्थ असतो. स्वॅबच्या नळीत लुसिफरेज नावाचं एन्झाइम असतं, काजव्याच्या अंगात असतं तेच. त्याला एटीपी भेटला की उजेड पडतो, आणि मीटर तो उजेड आरएलयू या एककात दाखवतं. टेबलावर ओला हायपो असेल तर त्यातला क्लोरीन या लुसिफरेजलाच मारतो. उजेड पडत नाही, आकडा खाली येतो आणि घाण जागच्या जागी राहते. परत सांगतो: आकडा घाण गेली म्हणून उतरला नव्हता, मीटर आंधळं झालं म्हणून उतरला होता. प्रयोगशाळेच्या स्वॅबमध्ये क्लोरीन निकामी करणारं द्रावण होतं, म्हणून तिथे खरं काय ते उगवलं. तुमच्या प्रयोगशाळेचा स्वॅब तसा आहे का, हे विचारून घ्या. नसेल तर नळीतच जंतू मरतात आणि तुम्ही फुकटचे पास होता.

म्हणून क्रम असा ठेवा: खरवडणं, डिग्रीझर (तेलकट थर काढायचं रसायन), भरपूर साधं पाणी, कोरडं पुसणं, मग एटीपी. आकडा मर्यादेत बसला तरच हायपो. ५ टक्क्यांचा असेल तर लिटरला ४ मिली, म्हणजे साधारण २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) क्लोरीन. उन्हाळ्यात टेम्पोत तापलेल्या कॅनवर विसंबू नका, त्याचा जोर उतरलेला असतो; क्लोरीनचा जोर तपासायच्या पट्ट्या स्वस्त मिळतात. आणि एका कंपनीच्या मीटरचा १० म्हणजे दुसऱ्याच्या मीटरचा १० नव्हे.

पण इतकं घासूनही घाण राहिली कुठे? आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याच्या क्षारात. क्षाराचा थर बसतो, त्यात तेल अडकतं, वर परत क्षार. कॉस्टिक सोड्याचा डिग्रीझर तेल सोडवतो, क्षाराला हात लावत नाही. टेबलाच्या सांध्यावर नख ओढून बघा. नखात पांढरट, मेणचट काही आलं तर सायट्रिक ॲसिड काढा. पण ॲसिड आणि हायपो एकमेकांना भेटता कामा नये, क्लोरीन वायू सुटतो. इथे मी गमतीत बोलत नाहीये. एकानंतर पाणी, पाणी, पाणी, मगच दुसरं. ॲल्युमिनियमच्या फिल्टरला कॉस्टिक लावू नका, फसफसून काळे पडतात.

दोन दिवसांत तज्ज्ञ करणाऱ्या कोर्सबद्दल माझं मत वाईट आहे. एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) फोस्टॅक हे अन्नसुरक्षा प्रशिक्षण घ्या, त्यांच्या नियमांतलं स्वच्छतेचं परिशिष्ट ४ वाचा, त्याचा उपयोग होतो. पण हात तयार होतो तो गटारीची जाळी काढूनच. जो उस्ताद पहिल्याच दिवशी तुमच्या हातात प्रेशर गन देतो, त्याच्याकडे फार दिवस काढू नका.

घाबरूही नका. पहिले सहा महिने सगळ्यांचाच वास येतो, घरचे जेवताना लांब बसतात. माझे स्वॅब २ ते ८ अंशांत ठेवायचे म्हणून फ्रिजमध्ये दह्याशेजारी असतात. आईनं त्यावरही बोलून घेतलंय.

त्या कँटीनमध्ये मी स्वखर्चानं परत गेलो. टेबल नुसत्या पाण्यानं धुऊन कोरडं केलं आणि तपासलं: ३८६. क्षार काढला, परत धुतलं: १४. मग हायपो. नंतरचा प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ आला, पण त्या पहाटे मॅनेजर मीटरकडे बघत म्हणाला, "मागच्या वेळी सात होता की हो, आता चौदा कसा?" त्याला समजावता समजावता साडेपाच वाजले आणि भट्टी उशिरा पेटली.