इम्प्लांटवरील जीवाणूरोधक लेपाची प्रयोगशाळेत चाचणी कशी घ्यावी

टायटॅनियमच्या चकतीवर चांदीचा लेप चढवायचा, ती जीवाणू पसरलेल्या आगारवर (जीवाणू वाढवण्याच्या जेलीवर) ठेवायची आणि भोवती उमटलेल्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास मोजून लेप यशस्वी ठरवायचा, अशी पद्धत विद्यार्थ्यांच्या अनेक प्रकल्पांत दिसते. त्या वर्तुळावरून लेपातून काहीतरी बाहेर झिरपते एवढेच कळते. कृत्रिम सांध्याला किंवा हाडातील खिळ्याला चिकटून जीवाणू बायोफिल्म, म्हणजे स्वतःभोवती चिकट थर, तयार करतात, त्यातील जीवाणूंवर प्रतिजैविकांचा फारसा परिणाम होत नाही आणि अनेकदा इम्प्लांटच काढावे लागते. म्हणून लेप रक्तद्रव्याने माखल्यानंतरही जीवाणूंना पृष्ठभागावर बस्तान बसवू देत नाही ना, आणि तसे करताना रुग्णाच्या पेशींना इजा करत नाही ना, हे दोन्ही एकाच वेळी तपासावे लागते.

प्रथम नमुने. इम्प्लांटसाठी वापरतात त्याच मिश्रधातूच्या, म्हणजे टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम यांच्या, २४ खळग्यांच्या प्लेटमध्ये मावतील अशा चकत्या घ्याव्यात. त्या ॲसिटोन, इथेनॉल आणि शुद्ध पाणी यांत क्रमाने अल्ट्रासोनिक बाथमध्ये स्वच्छ कराव्यात. कंट्रोलसाठी, म्हणजे तुलनेसाठी, बिनलेपाची चकती पुरेशी नाही. लेपातील औषधी घटक वगळून बाकी सर्व थर चढवलेली चकतीही ठेवावी, कारण खडबडीतपणा बदलला तरी चिकटणाऱ्या जीवाणूंची संख्या बदलते. प्रत्यक्ष वापरात ज्या पद्धतीने निर्जंतुकीकरण होणार आहे त्याच पद्धतीने नमुने निर्जंतुक करावेत. ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) १२१ अंश सेल्सिअस तापमानात कित्येक पॉलिमर लेप बिघडतात आणि मग चाचणी भलत्याच पृष्ठभागाची होते.

जीवाणू म्हणून स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हे दोन्ही घ्यावेत. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना प्रमाणित जीवाणूंसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहाकडे चौकशी करता येईल. काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करावे आणि सर्व कचरा ऑटोक्लेव्ह करूनच टाकावा.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. जीवाणू घालण्यापूर्वी चकत्या मानवी प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्तद्रव्यात, ३७ अंशांवर दोन तास बुडवून ठेवाव्यात. शरीरात इम्प्लांट शिरताच त्यावर प्रथिनांचा थर बसतो, आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियसकडे फायब्रिनोजेन व फायब्रोनेक्टिन पकडणारी खास प्रथिने असतात. रक्त गोठल्यावर उरणाऱ्या सीरममध्ये फायब्रिनोजेन नसते, म्हणून शक्य असेल तेथे प्लाझ्माच वापरावा. चांदीच्या बाबतीत तर ही पायरी टाळताच येत नाही, कारण चांदीचे आयन क्लोराइडशी आणि प्रथिनांतील गंधकाशी बांधले जाऊन निष्प्रभ होतात. आयएसओ २२१९६ या प्रमाणित चाचणीत अतिशय पातळ केलेला ब्रॉथ (जीवाणू वाढवण्याचा पोषक द्राव) वापरतात. त्या चाचणीत उत्तम ठरलेला लेप रक्ताच्या सान्निध्यात निकामी ठरू शकतो.

प्लाझ्मा धुऊन काढल्यावर प्रत्येक खळग्यात मिलिलिटरमागे सुमारे एक लाख जीवाणू असलेला १ मिलिलिटर ट्रिप्टिक सोय ब्रॉथ घालावा आणि ३७ अंशांवर २४ तास ठेवावा. नंतर बफरने तीनदा हलक्या हाताने धुऊन चकती नव्या निर्जंतुक नळीत हलवावी. जुन्याच खळग्यात ठेवल्यास तळाला चिकटलेले जीवाणूही मोजले जातात. अल्ट्रासोनिक बाथमध्ये पाच मिनिटे आणि व्होर्टेक्सवर (नळी वेगाने हलवणाऱ्या यंत्रावर) एक मिनिट ठेवून चिकटलेले जीवाणू सोडवावेत, द्राव टप्प्याटप्प्याने दहापट पातळ करावा (डायल्युशन), प्लेटवर पसरावे आणि ३० ते ३०० कॉलनी (वाढलेल्या जीवाणूंचे ठिपके) असलेल्या प्लेटच मोजाव्यात.

जीवाणू सोडवण्याच्या द्रावातच न्यूट्रलायझर, म्हणजे लेपातील औषधी घटक निष्प्रभ करणारे रसायन, घालणे अनिवार्य आहे. चांदीसाठी सोडियम थायोग्लायकोलेट आणि सोडियम थायोसल्फेट यांचे मिश्रण वापरतात. ते नसेल तर लेपातून सुटलेली चांदी द्रावात आणि प्लेटवरही जीवाणू मारत राहते, आणि तो मृत्यू चकतीच्या खात्यावर जमा होतो. न्यूट्रलायझर काम करतो की नाही हेही पाहावे: जीवाणू न घातलेली लेपित चकती त्याच द्रावात हलवून घ्यावी, त्या द्रावात सुमारे शंभर जीवाणू सोडावेत आणि प्लेट करावी. साध्या बफरइतक्याच कॉलनी आल्या तरच पुढची मोजणी ग्राह्य धरावी.

समजा, कंट्रोलवर दोन कोटी आणि लेपित चकतीवर चाळीस हजार जीवाणू मिळाले. लॉगमध्ये (दहाच्या घातांकात) ७.३० वजा ४.६०, म्हणजे २.७० ची घट झाली. टक्केवारीत हा आकडा ९९.८ होतो आणि फार मोठा वाटतो. तरीही चाळीस हजार जीवाणू शिल्लक आहेतच. म्हणून अहवालात टक्केवारीऐवजी लॉग घट आणि मूळ मोजणी द्यावी. हाच प्रयोग निरनिराळ्या दिवशी वाढवलेल्या जीवाणूंवर किमान तीनदा करावा, आणि त्याच चकत्यांवर रोज नवे जीवाणू घालून लेप किती दिवस टिकतो हेही पाहावे.

पेशींची चाचणी शेवटासाठी राखून ठेवू नये. आयएसओ १०९९३-५ नुसार पेशींची जीवनक्षमता ३० टक्क्यांहून अधिक घटली, तर पदार्थ पेशींसाठी विषारी मानतात. प्रयोगशाळेत जीवाणू मारणारी चांदी शरीरात काय करू शकते, याचे उदाहरण सेंट ज्यूड मेडिकलच्या सिल्झोन या हृदयझडपेचे आहे. हृदयाला शिवण्याच्या कापडी कडेवर संसर्ग टाळण्यासाठी चांदीचा लेप दिला होता. मात्र ॲव्हर्ट या रुग्णांवरील चाचणीत त्या झडपांच्या कडेने रक्त गळण्याचे प्रमाण जास्त आढळले आणि जानेवारी २००० मध्ये त्या बाजारातून परत घेण्यात आल्या. त्यामुळे हाडातील इम्प्लांटसाठी लेप बनवणाऱ्याने हाड तयार करणाऱ्या पेशी त्यावर चिकटतात आणि वाढतात का, हे लेपाच्या पहिल्या नमुन्यापासूनच तपासावे.

उरते यांत्रिक मजबुती. हाडासारख्या घनतेच्या पॉलियुरेथेन फोममध्ये लेपित खिळा ठोकून बाहेर काढावा, सूक्ष्मदर्शकाखाली लेप कोठे खरवडला गेला ते पाहावे आणि त्याच खिळ्यावर जीवाणूंची चाचणी पुन्हा घ्यावी.