सबसिडी मागाहून, आधी हप्ता मोजा

मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावात मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी करते. भाकरीचं मशीन, शेंगदाण्याचा रोस्टर, चटणीचं कांडप आणि पॅकिंग मशीन कर्जावर घेतलं, तेव्हापासून आसपासच्या बायका विचारतात, "ताई, सबसिडी कशी मिळवली?" मी म्हणते, आधी कर्ज कसं मिळवलं ते विचारा.

कारण छोट्या खाद्यपदार्थाच्या धंद्याला सरकारी योजनेतून 35 टक्के सबसिडी मिळते खरी, पण म्हणजे कुणी हातात नोटा ठेवत नाही. माझा हिशोब बघा. मशीनचा प्रकल्प 6 लाखांचा. स्वतःचे 10 टक्के, म्हणजे 60 हजार. बँकेचं कर्ज 5 लाख 40 हजार. सबसिडी 2 लाख 10 हजार, पण ती बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहते. तीन वर्षं हप्ते वेळेवर गेले आणि धंदा चालू असला, तरच ती कर्जातून वजा होते. हप्ता मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण कर्जाचा. 11 टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली तर महिन्याला पावणेबारा हजारांच्या आसपास. मी वहीत आधी सबसिडी वजा करून सव्वासात हजार लिहिले होते. नवऱ्याने चूक दाखवली म्हणून बरं.

आता योजना कोणती धरायची? इथे माझा एक हेलपाटा फुकट गेला. मी पीएमईजीपीचा, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा, अर्ज भरला आणि मोठ्या अभिमानाने लिहिलं, "चार वर्षांपासून व्यवसाय सुरू आहे." ती योजना फक्त नव्या उद्योगाला! अर्ज बाद. तुमचं अजून काहीच सुरू नसेल तर ती चांगली आहे: खेड्यातल्या बाईला 35 टक्के सबसिडी आणि स्वतःचे फक्त 5 टक्के. चालू असलेल्या खाद्यपदार्थाच्या धंद्याला पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्न प्रक्रियावाली योजना. वरचा माझा हिशोब तिचाच. तिथे सबसिडीची कमाल मर्यादा 10 लाख. मुद्रा कर्जात सबसिडी नसते. तिथे मिळते म्हणून कुणी सांगितलं तर त्याच्याकडून चहासुद्धा घेऊ नका.

एकाने माझ्याकडे 'फाईल पास करायचे' 15 हजार मागितले होते. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेले तेव्हा कळलं, पीएमएफएमईचा अर्ज आणि प्रकल्प अहवाल करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते. तिचं मानधन सरकार देतं, आपण नाही. योजना आत्ता सुरू आहे का, तेही तिथेच विचारून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आधारवरून फुकट होते. पैसे मागणारी साइट उघडली तर ती सरकारी नाही, बंद करा. अन्न परवान्याची साधी नोंदणी वर्षाला 100 रुपये.

कागदांपेक्षा अवघड दोन गोष्टी असतात. पहिली सिबिल, म्हणजे आपण कर्जं कशी फेडली त्याचा अहवाल. जाऊबाईंच्या कर्जाला मी जामीन म्हणून सही केली होती, त्यांचे दोन हप्ते थकले आणि डाग माझ्या नावावरही दिसला. अर्जाच्या सहा महिने आधी स्वतःचा अहवाल काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. दुसरी म्हणजे खातं. माझी सगळी विक्री रोखीत होती, पासबुकात काहीच नाही. बँकेच्या साहेबांनी विचारलं, "विक्री कुठे दिसते?" त्या दिवशी दुकानात क्यूआर कोड लावला आणि रोखही दर सोमवारी खात्यात भरायला लागले. सहा महिन्यांनी तेच साहेब पासबुक चाळत होते, यावेळी तोंड न वाकडं करता.

मशीन आधी घेऊन बिल दाखवू, असं करू नका. बँकेला कोटेशन लागतं, जीएसटी नंबर असलेल्या विक्रेत्याचं, आणि मंजुरीनंतर पैसे थेट त्याच्या खात्यात जातात. वीजजोडणीचा खर्च मी धरायलाच विसरले होते. तीन फेजचं मीटर येईपर्यंत मशीन दीड महिना पोत्याखाली झाकून ठेवलं. कच्चा माल आणि पाकिटांचे पैसे पण वेगळे काढून ठेवा.

तारण मागितलं तर घाबरू नका. निदान 10 लाखांपर्यंतच्या लघुउद्योग कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. "पुढच्या महिन्यात या" असं मला तीनदा ऐकवलं. चौथ्यांदा मी अर्जाची पोच मागितली आणि म्हटलं, नाकारायचं असेल तर कारण लेखी द्या. आवाज चढवला नाही, खुर्चीवरून उठलेही नाही.

मंजुरीच्या दिवशी आनंदात सह्या ठोकू नका, हप्त्याची तारीख बघा. मला 1 तारीख दिली होती. पुण्याचे दुकानदार माझे पैसे 7-8 तारखेला टाकतात. ती बदलून 12 करून घेतली.