जुन्या ट्रकला नवं मीटर पॅनल: वायर कापण्याआधी

पॅनल विकत घेणं या कामांच्या यादीत बरंच खाली येतं. नागपूरजवळ वाडीला अमरावती रोडवर ट्रकच्या कामाची दुकानं भरपूर आहेत आणि दुकानदार "भाऊ, टाटाचंच आहे, बसते" म्हणून पॅनल हातात ठेवेल. बसतंही, भोकं जुळतात. काटे खरं दाखवतील की नाही, हे मात्र टाकीतला फ्लोट (डिझेलची पातळी मोजणारा तरंगता भाग) आणि इंजिनवरचे सेंडर (मीटरला माप पाठवणारे भाग) ठरवतात. गाडी टाटा-मर्सिडीजच्या काळातली, म्हणजे १९५४ ते १९६९ मधली असेल, तर आजवर किती मिस्त्रींचे हात तिच्या वायरिंगला लागलेत याचा पत्ताच नसतो. छापील डायग्रामवर विसंबू नका, गाडीवर जे आहे तेच मोजा.

आधी व्होल्ट. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणून २४ धरू नका, त्या समांतरही जोडलेल्या असतात. मल्टिमीटर लावून बघा. बॅटरीचं कोणतं टोक चॅसीला आहे तेही बघून ठेवा, फार जुन्या गाड्यांत कधी कधी धन टोक अर्थला असतं. गाडी २४ ची आणि मनात भरलेलं पॅनल १२ चं असेल तर एकाच बॅटरीवरून लाइन ओढायची नाही. तसं केलं की एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन खराब होते. कन्व्हर्टर घ्या, नाहीतर २४ चं पॅनल शोधा.

खरा वेळ द्यायचा तो फ्लोटला. त्याची वायर सोडवा, फ्लोट टाकीतून काढा, हाताने खाली-वर करा आणि दोन्ही टोकांचे ओहम लिहून घ्या. व्हीडीओ (VDO) या जर्मन कंपनीच्या पद्धतीच्या फ्लोटमध्ये साधारण १० ते १८० मिळतात. अमेरिकन पद्धतीच्या युनिव्हर्सल मीटरांना २४० ते ३३ लागतात, तेही उलट दिशेने, म्हणजे रिकाम्या टाकीला जास्त. हे दोन एकमेकांना जोडले तर टाकी रिकामी असताना काटा भरलेली दाखवू शकतो. काटा मधेच उडत असेल तर फ्लोटची तार झिजलेली आहे, नवं पॅनल तिला काही करणार नाही. फ्लोटच्या टोकाला बॅटरीची थेट वायर लावून "चालते का" हे कधीच बघू नये. आतली बारीक तार जळते, आणि शेजारी डिझेलची टाकी असते.

टेम्परेचरचा सेंडर पातेल्यातल्या पाण्यात ठेवून तापवा, सोबत थर्मामीटर ठेवा. पाणी तापेल तसे ओहम कमी होत गेले पाहिजेत. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, कामठी रोडच्या ट्रॅफिकमध्ये ज्या काट्याकडे सारखं बघावं लागतं तो हाच. म्हणून एवढी खटपट करावी. ऑइल प्रेशरचं जुनं मीटर नळीवालं असेल तर गरम तेल थेट डॅशबोर्डपर्यंत येतं. त्याच्या जागी इलेक्ट्रिक सेंडर बसवताना आटे जुळतात का ते आधी तपासा आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, बहुतेक सेंडरांना अर्थ तिथूनच मिळतो. ब्रेकच्या हवेचं मीटर नळीवालंच राहू द्यावं, असं माझं मत.

ॲमीटर हे वेगळंच प्रकरण. गाडीचा जवळपास सगळा करंट त्याच्यातून जातो, म्हणून त्याच्या दोन वायरी जाड असतात. नव्या पॅनलात व्होल्टमीटर असेल तर त्या दोन्ही आपसात पक्क्या जोडून झाकायच्या. व्होल्टमीटरला चाबीनंतरची बारीक लाइन आणि अर्थ, एवढंच लागतं. चार्जिंगचा लाल दिवा मात्र बल्बचाच ठेवा. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधून मिळतो आणि एलईडी लावली तर चार्जिंग सुरूच न होण्याची शक्यता असते. स्पीडोमीटरच्या डायलवर डब्ल्यूपुढे आकडा छापलेला असेल तर तो किलोमीटरमागे केबलचे फेरे सांगतो. जुना आणि नवा आकडा एक हवा.

आता खरेदी. पॅनल, ३ किंवा ५ ॲम्पिअरचा फ्यूज, एक चौरस मिलिमीटरची वायर निदान चार रंगांत, लग (वायरच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे), ते दाबायची क्रिम्पिंग पक्कड आणि जॉइंटवर तापवून आकसवायची हीट-श्रिंक स्लीव्ह. साधी चिकटपट्टी इथल्या उन्हात पाघळते आणि जॉइंट उघडे पडतात. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १० आणि १८० ओहमच्या आसपासचे, दोन-तीन वॅटचे रेझिस्टर घ्या. फ्लोटच्या जागी ते लावून काटा दोन्ही टोकांना जातो का, हे टेबलावरच कळतं.

जुनं पॅनल काढण्याआधी मागचे फोटो घ्या आणि प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधा. रंगावर जाऊ नका, धुळीने सगळे एकाच रंगाचे झालेले असतात. पॅनल प्लॅस्टिकचं असेल तर अर्थची स्वतंत्र वायर थेट चॅसीपर्यंत न्या. काम सकाळी लवकर धरा. दुपारी केबिनच्या पत्र्याला हात लागत नाही.

बॅटरीची अर्थची केबल आधी काढायची आणि शेवटी लावायची. लावताना पहिल्यांदा थेट नको, मध्ये गाडीच्याच व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब घ्या. चाबी बंद असताना बल्ब भक्क पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत बल्ब काढायचा नाही.