जंगलाला कमीत कमी धक्का लावणारी कुटी कशी बांधावी

परवानगीचे काम आधी उरकून घ्यावे. त्यानंतर जागा निवडताना आधीपासूनच मोकळी, किंचित उंचावर असलेली आणि वाटेपासून फार दूर नसलेली जमीन पाहावी, कारण पुष्कळदा कुटीपेक्षा तिच्यापर्यंत नेलेला रस्ताच जंगलाचे अधिक नुकसान करतो. भर पावसात एकदा तेथे जाऊन पाणी कोठून वाहते, हे अवश्य पाहावे.

खरी कसोटी पायाची असते. काँक्रीटचा सलग चौथरा ओतला की मुळांना मिळणारी हवा आणि पाण्याची वाट दोन्ही अडतात. म्हणून जमिनीत स्क्रूसारखे पिळून बसवायचे पोलादी खांब, म्हणजेच स्क्रू-पाइल, वापरावेत आणि त्यांवर तुळया टाकून तळ जमिनीपासून किमान 45 सेंटिमीटर उंच ठेवावा, म्हणजे लाकूड कोरडे राहते आणि वाळवीचा माग वेळीच दिसतो. खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येच्या वर्तुळात खोदकाम करू नये, अर्थात 30 सेंटिमीटर व्यासाच्या झाडापासून 3.6 मीटर दूर राहावे. हा ठोकताळा असला, तरी तो पाळणेच शहाणपणाचे आहे.

भिंतींचे भाग बाहेर तयार करून जागेवर केवळ जोडावेत. 30 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 300 लिटर पाणी मिळते. ते साठवावे, मात्र पिण्यापूर्वी गाळून उकळावे.

शौचालय पाण्याविना चालणारे, कंपोस्ट पद्धतीचे असावे. प्रत्येक वापरानंतर त्यात लाकडाचा भुसा टाकावा आणि ते ओढ्यापासून किमान 60 मीटर दूर ठेवावे. बाहेरचे दिवे मंद, पिवळसर आणि खाली वळवलेले असावेत.