कुमानो कोदो चालायला निघालात? आपले ट्रेकर हमखास करतात त्या चुका

कळसूबाई १६४६ मीटर. जपानच्या की द्वीपकल्पात कुमानो कोदो नावाचं यात्रामार्गांचं जाळं आहे, त्यातल्या नाकाहेची या सर्वाधिक चालल्या जाणाऱ्या वाटेवरची सगळ्यात उंच खिंड जेमतेम ८७० मीटर. हे आकडे पाहिले की सह्याद्रीत पाय घोटलेला माणूस म्हणतो, "हे तर रविवार सकाळचं काम." मीही म्हणालो होतो.

ताकिजिरी-ओजीच्या देवळामागून वाट सुरू होते ती थेट वरच चढते. थोड्याच वेळात प्रचंड शिळांमधली एक अरुंद कपार लागते, ताइनाइ-कुगुरी. गर्भातून पुन्हा जन्म घ्यावा तसं तिच्यातून सरपटत बाहेर यायचं. मी पाठीवरच्या सॅकसकट आत घुसलो आणि मधेच अडकलो, ना पुढे ना मागे. मागे थांबलेल्या एका जपानी आजोबांनी काही न बोलता सॅकचा पट्टा सोडवला. तेव्हा सॅक बाहेर ठेवा आणि मगच पुनर्जन्म घ्या.

उंची कमी असली तरी वाट सतत चढते-उतरते, आणि सुगी-हिनोकीच्या उंच झाडांच्या दाट सावलीतले दगड, मुळं कायम शेवाळलेली असतात. ताकिजिरी ते चिकात्सुयू अंतर १३ किलोमीटरच्या आसपास, पण सहा-सात तास धरूनच चाला. पुढे कोगुची ते नाची हा ओगुमोतोरी-गोएचा टप्पा तर साडेचौदा किलोमीटरचा, त्यात जवळजवळ ८०० मीटरचा सलग चढ. त्या चढाचं नावच दोगिरी-झाका, म्हणजे अंग मोडणारा चढ. गुडघे कुरकुरत असतील तर हा टप्पा नाचीकडून उलटा उतरत येऊ नका, चढतच जा. दम लागला तर थांबता येतं, गुडघा गेला तर काय करणार?

उशिरा निघणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. शिन-ओसाकाहून की-तानाबेला एक्सप्रेसने दोन तासांहून थोडं जास्त, तिथून बसने ताकिजिरीला पाऊण तास. सकाळी ओसाकाहून आरामात निघालात तर दुपारशिवाय वाटेला लागणं नाही. अशा दिवशी फक्त चार किलोमीटरवरच्या ताकाहारापर्यंत जावं आणि मुक्काम करावा. मी चिकात्सुयू गाठायचा हट्ट धरला. नोव्हेंबरात सूर्य पाचच्या आत मावळतो आणि त्या झाडीत त्याच्याही आधी अंधारून येतं. मिन्शुकूमधलं, म्हणजे घरगुती मुक्कामाच्या जागेतलं जेवण सहा वाजता असतं. मी सव्वासातला पोचलो तेव्हा मालकीणबाई टॉर्च घेऊन दारात उभ्या होत्या आणि जेवण गार झालं म्हणून त्याच माझी माफी मागत होत्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यामुळे उशीर होणार असं वाटलं की रेंज असेल तिथून लगेच फोन करा. भाषा येत नसेल तर त्या दिवशी सकाळी ज्या घरातून निघालात तिथल्या लोकांना फोन करायला सांगा, ते आनंदाने करतात.

"व्हेज" म्हणून मोकळं होणं

मांस नको म्हटलं की आपल्याला वाटतं काम झालं. पण जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, म्हणजे चवीचं उकळलेलं पाणी, आणि ते बहुधा सुकवलेल्या कात्सुओ माशाचं. मिसो सूपमध्ये मासा दिसत नाही, पण असतो. भाजीच्या रश्शात असतो, तोफूवरच्या सॉसमध्ये असतो. ऐन जेवणाच्या वेळी सांगून उपयोग नाही, कारण रस्सा सकाळीच चढलेला असतो. बुकिंग करतानाच काय काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन लिहा: मांस, मासा, माशाचं दाशी, आणि खात नसाल तर अंडं. कोंबू या समुद्री शेवाळाचं दाशी चालेल, असंही लिहा म्हणजे त्यांचं काम सोपं होतं. काही घरं स्पष्ट नाही म्हणतात. वाईट वाटून घेऊ नका, दुसरीकडे बघा.

दुपारच्या डब्यासाठी मात्र हा भाग आपल्या सोयीचा आहे. तानाबे-मिनाबेचा परिसर उमे फळासाठी प्रसिद्ध. त्याचं खारवलेलं उमेबोशी आत घातलेला भाताचा गोळा म्हणजे जवळजवळ लोणचं-भात. ताकाहारा सोडल्यावर चिकात्सुयूजवळ मोठा रस्ता लागेपर्यंत दुकान नाही, तेव्हा डबा आणि पाणी आधीच भरून घ्या.

बसमध्ये दहा हजारांची नोट

इथल्या गावबसमध्ये मागच्या दाराने चढायचं, चढताना यंत्रातून आकड्याची चिठ्ठी घ्यायची. पुढच्या फलकावर त्या आकड्याखाली भाडं वाढत जातं. उतरताना चिठ्ठी आणि नेमके पैसे पेटीत टाकायचे. पेटीजवळचं यंत्र नाणी आणि हजार येनची नोट मोडून देतं, दहा हजारांची नाही. चिठ्ठी घ्यायची राहिली तर ड्रायव्हरला लगेच सांगा, नाहीतर बस सुटली तिथपासूनचं भाडं मोजावं लागेल.

वाट चुकली तर

खरं तर चुकायला वाव कमी आहे. दर ५०० मीटरला आकड्याचा खांब आहे, आणि चुकीच्या फाट्यावर "ही कुमानो कोदो नाही" अशी पाटीसुद्धा. बराच वेळ खांब दिसला नाही तर जंगलात शॉर्टकट शोधू नका, शेवटच्या खांबापाशी परत या. येता-जाता खांबाचा आकडा लक्षात ठेवा. पाय मुरगळून ११९ ला, म्हणजे रुग्णवाहिकेच्या नंबरला, फोन करायची वेळ आली तर तुम्ही कुठे आहात ते त्या आकड्यावरून सांगता येतं. जुन्या नकाशावर विसंबू नका: २०११ च्या वादळात दरडी कोसळल्यामुळे इवागामी खिंडीजवळ वाट वळवलेली आहे. जून-जुलैच्या पावसात आणि सप्टेंबरच्या वादळांच्या दिवसांत निघत असाल तर की-तानाबे स्टेशनशेजारच्या माहिती केंद्रात आधी चौकशी करा.

देवळात आणि गरम पाण्यात

चपला-बूट काढायची आपली सवय इथे भलत्याच ठिकाणी जागी होते. शिंतो देवळासमोर उभं राहून नमस्कार करताना बूट काढत नाहीत. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. घरात मात्र उंबऱ्याशीच बूट उतरवायचे, आणि संडासाच्या वेगळ्या सपाता घालून बाहेर येण्याचा पराक्रम करायचा नाही.

होंगू ताइशा या वाटेवरच्या मोठ्या देवळाला पोचल्यावर बरेच जण देऊळ पाहून पुढची बस पकडतात. १८८९ च्या पुरापर्यंत देऊळ जिथे होतं ती ओयुनोहाराची जागा दहा मिनिटांवर आहे, भातशेतांमधून जावं लागतं. तिथली तोरी, म्हणजे देवळाची कमान, सुमारे ३४ मीटर उंच आहे. पायथ्याशी उभं राहिल्याशिवाय तिची उंची लक्षात येत नाही.

मुक्काम यूनोमिने या गरम झऱ्यांच्या गावात करा. तिथल्या ओढ्यातलं लाकडी खोपटं म्हणजे त्सुबोयू हे स्नानगृह, एका वेळी एकाच गटाला अर्धा तास. संध्याकाळी रांग असते, सकाळी लवकर जा. पाण्यात उतरण्याआधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. शेजारच्या कुंडात पाणी जवळजवळ ९० अंश, त्यात लोक जाळीच्या पिशवीतून अंडी सोडून उकडतात. अंडं खात नसाल तर रताळी न्या, फक्त त्यांना वेळ जास्त लागतो. आधी रताळी सोडा, मग आंघोळीला जा.