कसारा घाटात दमलेली गाडी

रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) केल्यापासून माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक कसारा घाट पळतच चढायची. श्रावणात मुंबईहून नाशिकला येताना चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला, तर नुसता फुस्स आवाज, जोर गायब आणि चेक इंजिनचा दिवा. स्कॅनरवर कोड पी०२९९, म्हणजे टर्बोचा, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब कमी. अंबडच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "टर्बो गेला, साहेब." मला पटेना. टर्बो गेल्याच्या खुणाच नव्हत्या: ना निळा धूर, ना तेल कमी झालेलं.

घरी एअर फिल्टरकडचा पाइप काढून तिथे घट्ट टोपण बसवलं, कॉम्प्रेसरने जेमतेम १ बार हवा भरली (जास्त नको, सील जातात) आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) खालच्या होजपाशी, म्हणजे रबरी पाइपपाशी, बुडबुडेच बुडबुडे! क्लॅम्प ढिला आणि होजला बारीक चीर. दाब नसला की ती मिटून जायची, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसतच नव्हती. नवा सिलिकॉन होज, टी-बोल्ट क्लॅम्प, कोड पुसला. पुढच्या रविवारी परत घाट, परत तीच मजा.

पुढे गाडी विकताना कंपनीचा मूळ मॅप (सॉफ्टवेअर) परत भरला आणि ओझरच्या गिऱ्हाइकाला सगळं खरं सांगितलं. पठ्ठ्याने त्यावरूनच घासाघीस केली.